वाळवंटातला तंबू: ४८ फळ्या, ६ गाड्या, १२ बैल

माळावरचा_दिवा (धागाकर्ता)

गेले दोन महिने झोपायच्या आधी बायबलच्या जुन्या करारातले ‘निर्गम’ आणि ‘गणना’ वाचतोय. मी ख्रिस्ती नाही, यहुदी नाही, फार देवभोळाही नाही. जुनी पुस्तकं सावकाश वाचायची खोड आहे, एवढंच.

मिसरातल्या (इजिप्तमधल्या) गुलामगिरीतून इस्राएल लोक सुटतात, समुद्र दुभंगतो, तिथपर्यंत पानं भराभर उलटली. मग त्यांचा पुढारी मोशे सीनाय डोंगरावर चढतो, आणि वर गेल्यावर देव त्याला आपल्यासाठी उभारायच्या तंबूबद्दल जे ऐकवतो ते सरळ सुतार, सोनार आणि कोष्टी यांच्या कामाचं. पडदे १०, प्रत्येक २८ हात लांब, ४ हात रुंद. जोडायला निळ्या सुताची ५०-५० बिरडी आणि सोन्याचे ५० आकडे. त्यावर बकऱ्यांच्या केसांचे ११ पडदे, ते मात्र ३० हातांचे, म्हणजे खालच्या भारी कापडाच्या कडा झाकल्या जातील. बाभळीच्या लाकडाच्या फळ्या: दक्षिणेला २०, उत्तरेला २०, पश्चिमेला ६ आणि कोपऱ्यांच्या २. एकूण ४८. प्रत्येकीखाली चांदीच्या दोन बैठका. असं ‘निर्गम’चे २५ ते ३१ सात अध्याय. मध्ये सोन्याच्या वासराचा गोंधळ. आणि ३५ पासून ४० पर्यंत तीच मापं पुन्हा, जवळजवळ शब्दशः: ‘सांगितलं’च्या जागी फक्त ‘केलं’.

हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, साधारण ४५ सेंटीमीटर. आजीच्या तोंडचा ‘हात’ तोच. म्हणजे एवढा गाजलेला निवासमंडप ३० हात लांब, १० हात रुंद: साडेतेरा मीटर बाय साडेचार. आमच्या सोसायटीचा हॉल याहून मोठा आहे. भोवतालचं अंगण १०० बाय ५० हात.

पहिल्यांदा कंटाळलो, खरं सांगतो. दुसऱ्यांदा ‘गणना’चा चौथा अध्याय वाचला आणि डोकं चालायला लागलं. त्यात मुक्काम हलवायची पद्धत दिली आहे. आधी मोशेचा भाऊ, पुरोहित अहरोन आणि त्याचे मुलगे आत जातात, आतला पडदा उतरवतात आणि त्यानंच कराराचा कोश, म्हणजे आज्ञांच्या दगडी पाट्यांची पेटी, झाकतात. त्यावर कातडं, आणि सगळ्यात वर संपूर्ण निळं कापड. मेज, दीपवृक्ष, धूपवेदी यांना आधी रंगीत कापड, वर कातडं. कोशाला तेवढं उलटं. म्हणजे हजारोंच्या तांड्यात निळं गाठोडं दिसलं की कळावं, ते काय आहे. बाहेरच्या वेदीतली राख आधी काढायची, मग तिच्यावर जांभळं कापड. हे सगळं गुंडाळून झाल्याशिवाय सामान वाहणाऱ्या लेवी वंशातल्या कहाथाच्या घराण्यानं आत पाऊल टाकायचं नाही. उघड्या वस्तू पाहिल्या तर मरण. झाकलेल्या उचलायच्या, त्याही खांद्यावर.

सातव्या अध्यायात सरदार मंडळी ६ गाड्या आणि १२ बैल आणून देतात. मोशे लेवींच्याच दुसऱ्या घराण्याला, पडदे वाहणाऱ्या गेर्षोनांना २ गाड्या, ४ बैल देतो. तिसऱ्या, फळ्या, खांब, बैठका वाहणाऱ्या मरारींना ४ गाड्या, ८ बैल. कहाथांना शून्य, कारण त्यांचं ओझं खांद्याचं. पुढं दावीद राजाच्या काळात हाच कोश नव्या गाडीवर घालून नेला, बैल अडखळले, उज्जा नावाच्या माणसानं सावरायला हात लावला आणि तो जागीच मेला. ही गोष्ट लहानपणी कुणीतरी ‘देवाचा कोप’ म्हणून सांगितली होती. गाडीचा भाग तेव्हा कुणीच सांगितला नव्हता.

आता माझा प्रश्न. खुंटीन् खुंटी मोजणारं हे पुस्तक इस्राएल लोकांच्या रानातल्या ४० वर्षांबद्दल किती बोलतं? पहिली दोन वर्षं सविस्तर, शेवटचं वर्ष सविस्तर. मधल्या ३८ वर्षांत काय झालं? जवळजवळ काही नाही. मुक्कामांच्या नावांची एक यादी, एक बंड, काही नियम. एक अख्खी पिढी रानात मेली, तिची उपासना कशी होती, जगणं कसं होतं, हे कुठंच नाही. आणि पडद्याच्या बिरड्यांना मात्र दोनदा जागा. का?

जाणकारांनी लिहावं. धर्मांतराचे आणि ‘आमच्याकडे हे आधीच होतं’चे प्रतिसाद नकोत.

---

टवाळ_टोळ

सगळं गेलं नाही हो, स्वयंपाकघर शिल्लक आहे. ‘गणना’ ११ काढा. लोक रडतात आणि म्हणतात, मिसरात आम्हाला मासे फुकट मिळायचे, काकड्या, खरबुजं, कांदे, लसूण... आता डोळ्यांपुढं हा मान्ना, दुसरं काही नाही! (मान्ना म्हणजे रानात आभाळातून पडायचं ते खाणं.) गुलामगिरी विसरली, कांदा विसरला नाही. हे वाक्य कुणी बसून रचलेलं वाटत नाही. कांद्याशिवाय चार दिवस काढलेल्या माणसाचंच आहे ते.

---

माळावरचा_दिवा

@टवाळ_टोळ, हा! तिथंच मान्नाची कृतीही आहे. धन्यासारखा दाणा. लोक फिरून गोळा करत, जात्यावर दळत नाहीतर उखळात कुटत, मडक्यात शिजवत, त्याच्या भाकरी करत. ‘निर्गम’मध्ये चव मध घातलेल्या पोळीसारखी, इथं ताज्या तेलात केलेल्यासारखी. माणशी एक ओमेर (तेव्हाचं माप), सहाव्या दिवशी दोन, कारण सातव्या दिवशी पडायचा नाही. जास्त साठवला की किडे. हिब्रूत लोक पहिल्यांदा पाहून विचारतात ‘मान हू?’, म्हणजे ‘हे काय?’ आणि तेच नाव पडलं, असं पुस्तकच सांगतं.

---

खापरांचा_ढीग

मान्नाबद्दल: १९२७ मध्ये बोडनहायमर नावाचे कीटकशास्त्रज्ञ सीनायला गेले होते. झाऊच्या झुडपांवर खवलेकीड बसते, रस शोषते आणि गोड थेंब टाकते. थंड रात्री ते सुकून पांढरट कण होतात, ऊन चढलं की मुंग्या नेतात. तिथले बदाऊनी लोक ते गोळा करत असत. पण एवढ्या लोकांना ४० वर्षं पुरेल असं ते नाही, आणि शनिवारची सुट्टीही घेत नाही.

मूळ प्रश्नाचं उत्तर माझ्या मते अगदी कोरडं आहे. हे अध्याय रानात लिहिलेच गेले नाहीत. वेलहाउझन या जर्मन अभ्यासकानं १८७८ मध्ये मांडलं की हा मंडप म्हणजे यरुशलेमचं मंदिर कागदावर घडी घालून मागं, मोशेच्या काळात नेऊन ठेवलेलं आहे. मापं बघा. यरुशलेमचं ते शलमोन राजाचं मंदिर ६० हात लांब, २० रुंद. मंडप ३० आणि १०. बरोबर निम्मा. मंदिराचं परमपवित्र स्थान २० हातांचा घन, मंडपाचं १० हातांचा. मंदिर बाबिलोन्यांनी इ.स.पू. ५८६ मध्ये जाळलं, पुरोहित परदेशात गेले, आणि ज्यांच्याकडं मंदिर उरलं नाही त्यांनी उचलून नेता येईल असं मंदिर लिहून काढलं. पुरोहितांना खुंट्यांत रस होता, लोकांच्या ३८ वर्षांत नव्हता. म्हणून खुंट्या आहेत, वर्षं नाहीत.

भौतिक पुरावा म्हणाल तर कादेश बर्ण्या, जिथं लोक सगळ्यात जास्त काळ राहिले असं मानतात, तिथल्या टेकाडात सापडलेला जुन्यात जुना किल्ला इस्राएलच्या राजांच्या काळातला, म्हणजे बराच नंतरचा आहे. २० लाख लोकांच्या तळाची एक चूलही नाही.

---

अर्धा_शेकेल

२० लाखांचा आकडा आला म्हणून हिशेब मांडतो, मला हे फार आवडतं.

मोजणीत २० वर्षांवरचे पुरुष ६,०३,५५०. प्रत्येकानं अर्धा शेकेल (तेव्हाचं वजन) चांदी द्यायची. म्हणजे ३,०१,७७५ शेकेल. एक किक्कार ३,००० शेकेलचा, म्हणून १०० किक्कार आणि वर १,७७५ शेकेल. ‘निर्गम’ ३८ मध्ये नेमका हाच आकडा आहे. १०० किक्कारांच्या १०० बैठका ओतल्या: ४८ फळ्यांच्या ९६, आतल्या पडद्याच्या खांबांच्या ४. उरलेल्या १,७७५ शेकेलचे खांबांचे हूक आणि पट्ट्या. एक शेकेल इकडचा तिकडं नाही. ऑडिटरला रडू यावं.

आता दुसरी बाजू. त्याच ‘गणना’त एक महिन्यावरचे थोरले, म्हणजे पहिले जन्मलेले मुलगे २२,२७३. सहा लाख पुरुषांमागं एवढेच थोरले? भागाकार करा, एका घरात २७ भाऊ येतात. हिब्रूत ‘एलेफ’ म्हणजे हजार, पण कुळ किंवा तुकडी असाही अर्थ होतो. त्यामुळे मूळ याद्या ‘इतक्या तुकड्या, इतकी माणसं’ अशा होत्या आणि पुढं कुणीतरी तुकड्यांचे हजार केले, असं काही अभ्यासक म्हणतात. तसं धरलं तर तांडा काही हजारांवर येतो आणि ६ गाड्या जरा समजायला लागतात. पण मग वरचा चांदीचा सुरेख हिशेब कोसळतो! दोन्ही एकदम खरे होत नाहीत.

---

जू_आणि_शिवळ

गाड्यांवर बोलायचा अधिकार माझा. आमच्या घरी तीन पिढ्या गाड्या केल्या, आजोबा बाभळीशिवाय दुसऱ्या लाकडाला हात लावायचे नाहीत. चाकाचा तुंबा बाभळीचा, आरे बाभळीचे, कुळवाचं दिंड बाभळीचं. चिवट, जड, वाळवीला सहज दाद न देणारं लाकूड. मराठी बायबलात बाभूळ वाचून मला बरं वाटलं.

पण ती फळी! १० हात म्हणजे पंधरा फूट लांब, दीड हात म्हणजे सव्वादोन फूट रुंद, आणि बाभळीची? आमच्याकडच्या बाभळीतूनही एवढी अखंड सरळ फळी निघणार नाही, आणि तिकडची बाभूळ तर छत्रीसारखी पसरलेली, वाकडीतिकडी, आणखी खुजी जात. शिवाय वजन बघा. जाडी पुस्तकात दिलेली नाही. तीन इंच धरली तरी एक फळी पावणेदोनशे-एकशेऐंशी किलोची होते. ४८ फळ्यांचे साडेआठ टनांहून जास्त. बैठकांची चांदी, किक्कार साधारण ३४ किलोचा धरून, ३.४ टन. वर खांब, अडसर, अंगणाच्या पितळी बैठका. हे सगळं ४ गाड्यांत, ८ बैलांवर? म्हणजे गाडीमागं तीन टनांच्या पुढं. लाकडी चाकाच्या गाडीत कच्च्या वाटेनं टनभर घातलं तरी बैल गुडघे टेकतो.

त्यामुळे एकतर बैल देवाचे होते, नाहीतर फळी म्हणजे फळी नाही.

---

खापरांचा_ढीग

@जू_आणि_शिवळ, कमाल. तुम्ही बसल्या बसल्या शंभरेक वर्षांपूर्वीच्या एका वादात शिरलात. मूळ शब्द ‘केरेश’. केनेडी नावाच्या स्कॉटिश पंडितांनी म्हटलं की ही भरीव फळी नसून चौकट आहे: दोन उभे दांडे, मध्ये आडव्या पट्ट्या. तशी असली तर वजन कितीतरी उतरतं, आणि आतून भरतकाम केलेला पडदाही दिसतो. भरीव फळ्या असत्या तर तो सुंदर पडदा छत सोडून कुठंच दिसला नसता. सीरियातल्या उगारित इथल्या मातीच्या पाट्यांत एल देवाच्या निवासासाठी याच मुळाचा शब्द येतो, तेव्हा तो जुना तंबूचा शब्द असावा.

उलट अकराव्या शतकातला फ्रान्समधला यहुदी भाष्यकार राशी फळीची जाडी एक हात सांगतो! तुमच्या हिशेबानं एक फळी टनाची.

---

जू_आणि_शिवळ

राशीबुवांनी बैल जुंपलेला नव्हता, हे नक्की.

चौकट असेल तर पटतं. मांडव घालणाराही भरीव काही नेत नाही.

---

झावळी

मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या यहुद्यांपैकी, माहेर रायगड जिल्ह्यातलं, आता बरीच वर्षं इस्राएलमध्ये. धाग्यात दोन-तीन गोष्टी घालते.

एक, शीर्षकातला ‘वाळवंट’ शब्द काढा हो. हिब्रूत ‘मिदबार’ आहे. वाळूच्या टेकड्या, उंट, तहानलेला प्रवासी, तसं काही नाही. जिथं नांगर चालत नाही पण पाऊस पडल्यावर शेळ्यामेंढ्या चरायला नेता येतात अशी कोरडी, खडकाळ जमीन. मोशे जळत्या झुडपापाशी पोचतो तेव्हा सासऱ्याची मेंढरंच चारत असतो. मराठी बायबलवाल्यांनी ‘रान’ म्हटलंय ते जास्त जवळचं, आणि माझ्या मनात तर ‘माळरान’ येतं. तुम्ही ज्याला ‘गणना’ म्हणता त्या पुस्तकाचं आमच्याकडचं नावच ‘बमिदबार’, म्हणजे ‘माळरानात’. मोजणी हे नाव ग्रीकवाल्यांनी दिलं. पुस्तकाचं नाव बदललं की वाचणारा काय शोधतो तेही बदलतं.

दुसरं तेलाचं. कोकणात आमच्या लोकांना ‘शनिवार तेली’ म्हणायचे, कारण घाणा शनिवारी बंद. हिब्रू पुस्तकं, पोथ्या बऱ्याचशा विस्मरणात गेल्या होत्या, पण शब्बाथ, सुंता, खाण्याचे नियम आणि ‘शेमा’ या प्रार्थनेचे शब्द टिकले. तर दीपवृक्षाच्या तेलाबद्दल ‘निर्गम’ २७ मध्ये एक शब्द आहे, ‘कातीत’: कुटून काढलेलं. गिरणीतलं, दाबून पिळलेलं चालत नाही. जैतुनाची फळं कुटायची आणि जे आपोआप निथळेल ते पहिलं तेल दिव्याला. धान्यार्पणाला नंतरचं चालतं. माझ्या पणजोबांच्या घरचा घाणा होता. पहिलं आणि नंतरचं तेल यातला फरक घाणेवाल्याला समजावून सांगावा लागत नाही.

आणि इथंच तुमच्या प्रश्नाला हात घालते. रोज सकाळी एक आणि संध्याकाळी एक कोकरू, सोबत तेलात मळलेलं सपीठ आणि द्राक्षारस, असा नियम. माळरानात जैतून कुठं? द्राक्षमळा कुठं? मान्ना खाणाऱ्यांकडं सपीठ कुठून? ‘गणना’ १५ नीट वाचा. होमाबरोबर सपीठ आणि द्राक्षारस आणायचा तो ‘मी देतो त्या देशात तुम्ही गेल्यावर’. म्हणजे लिहिणाऱ्यालाही अडचण माहीत होती.

---

माळावरचा_दिवा

@झावळी, ‘माळरान’ मान्य. शीर्षक आता बदलता येत नाही, नाहीतर बदललं असतं. माझ्या टोपणनावाला तरी शोभलं असतं.

तुमच्या प्रतिसादानंतर परत चाळलं आणि आणखी सापडलं. सुटकेच्या आठवणीचा वल्हांडण सण मिसरातून निघाल्यावर दुसऱ्या वर्षी सीनायला पाळल्याचं ‘गणना’ ९ सांगतं. त्यानंतरचा उल्लेख थेट ‘यहोशवा’ ५ मध्ये, यार्देन नदी ओलांडल्यावर गिलगालला. दुसऱ्या दिवशी त्या देशातलं धान्य खाल्लं आणि मान्ना बंद. तिथंच असंही आहे की रानात जन्मलेल्या कुणाचीच सुंता झालेली नव्हती. कुणाचीच! कराराच्या खुणेशिवाय वाढलेली अख्खी पिढी, आणि तिच्या मधोमध तो नीट झाकलेला कोश.

---

झावळी

मग आमोस ५ वाचा. संदेष्टा देवाच्या वतीनं विचारतो, इस्राएलाच्या घराण्या, तुम्ही रानात ४० वर्षं मला यज्ञ आणि अर्पणं आणली का? यिर्मया ७ तर सरळ म्हणतो की मिसरातून बाहेर काढलं त्या दिवशी मी होमांबद्दल काही आज्ञा दिलीच नाही. हे त्याच पवित्र ग्रंथात आहे. एका बाजूला लेवीयांची बारीक यादी, दुसऱ्या बाजूला ‘केलंत का हो काही?’ दोन्ही ठेवलंय. आमच्याकडं पोथी साफसूफ करून विरोध काढून टाकायची पद्धत नाही, वाद तसाच समासात लिहून पुढं जातात.

---

खापरांचा_ढीग

मी वर जरा जास्तच ठाम लिहिलं, थोडं मागं घेतो. मंडपाचं वर्णन उशिराचं आहे हे माझं मत कायम. पण तंबूतला देव ही कल्पना उशिराचीच, असं म्हणता येत नाही.

अकाबाच्या आखाताच्या उत्तरेला तिम्ना नावाच्या तांब्याच्या खाणी आहेत. १९६९ मध्ये बेनो रोथेनबर्ग यांनी तिथं कड्याच्या पायथ्याशी हाथोर या मिसरी देवीचं छोटं देऊळ खणलं. मिसरी लोक निघून गेल्यावर, साधारण इ.स.पू. बाराव्या शतकात, तिथल्या लोकांनी देवीचे चेहरे छिलून टाकले आणि त्याच जागी तंबूचं देवस्थान केलं. भिंतीलगत लाल-पिवळ्या जाड कापडाचे तुकडे मण्यांसकट सापडले, आणि आत तांब्याचा एक छोटा साप, डोक्याला सोन्याचा मुलामा. त्या लोकांना सहसा मिद्यानी म्हणतात. मोशेचा सासरा मिद्यानी पुरोहित. आणि ‘गणना’ २१ मध्ये मोशे खांबावर पितळी साप लावतो. हा तो साप नव्हे, एवढी उडी मारू नका कुणी. पण त्या भागात, त्या सुमारास, रंगीत कापडाच्या तंबूत पूजा करणारे लोक होते.

दुसरं मिसरकडचं. कादेशच्या (हे सीरियातलं, वरचं कादेश बर्ण्या नव्हे) लढाईतली मिसरचा राजा दुसरा रामसेस याची छावणी देवळांच्या भिंतींवर कोरलेली आहे, इ.स.पू. १२७४ च्या सुमाराची. आयताकृती कुंपण, मध्ये राजाचा तंबू: पुढं लांब दालन, मागं चौरस खोली, खोलीत राजाचं नाव आणि दोन्ही बाजूंना पंख पसरलेले ससाणे. ‘निर्गम’मधल्या मंडपात मागच्या चौरस खोलीत कोश, त्यावर पंख पसरलेले करूब, म्हणजे पंखवाले स्वर्गीय जीव. ज्याच्या तावडीतून सुटलो त्याच्याच तंबूचा नकाशा, आत राजाच्या जागी दिसू न शकणारा देव. हे उसनं घेणं मला तरी मुद्दाम केलेलं वाटतं.

---

टवाळ_टोळ

एवढं सगळं झालं, पण छावणीत वीस लाख असोत की वीस हजार, सकाळचं काय, हे कुणी विचारेना. ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाचा २३वा अध्याय: तळाबाहेर जागा ठेवा, हत्यारांबरोबर एक खुंटी बाळगा, तिनं खणा, बसा, माती लोटा. कारण देव तळातून फिरत असतो. हे मला ४८ फळ्यांपेक्षा जास्त पटलं.

---

जू_आणि_शिवळ

खुंटीवरून आठवलं. धागाकर्त्यानं विचारलं होतं बारीकसारीक यादी का. मी आज ‘गणना’ ४ उघडून मरारींचं काम वाचलं. फळ्या, अडसर, खांब, बैठका, अंगणाचे खांब, त्यांच्या खुंट्या, दोऱ्या. आणि मग असं आहे की ज्यानं जे वाहायचं ते त्याला नावानिशी नेमून द्या. दुसऱ्या दोन घराण्यांना तसं नाही, ज्यांच्याकडं सगळ्यात किरकोळ सामान त्यांनाच.

गाड्यांचं काम बंद पडल्यावर वडिलांनी काही वर्षं मांडवाचा धंदा केला. जत्रा, लग्नं. बांबू कधी हरवले नाहीत, मोठे असतात, दिसतात. समया, खुर्च्या, गालिचे, त्यांना मालकाचाच डोळा असतो. हरवायच्या खुंट्या. एकदा ऐन लग्नाच्या आदल्या रात्री वारा सुटला आणि सात खुंट्या कमी. गाडी परत चाळीस किलोमीटर. त्यानंतर वडिलांनी खुंट्यांचं पोतं आणि दोऱ्यांचं पोतं दोन पोरांच्या नावावर केलं, पोत्यावर ऑइलपेंटनं नावं घातली. तंबू उतरला की बाकीचे चहा प्यायला जायचे, ती दोघं वाकून मोजत बसायची.

---

माळावरचा_दिवा

किती खुंट्या असायच्या?

---

जू_आणि_शिवळ

मोठ्या मांडवाला ११२. अजून पाठ आहे. त्यातलं एक पोतं माझ्या नावाचं होतं.